कमरेला बांधायचा पाट

सोयाबीनच्या रानात खुरपायला बसलेल्या वहिनी जेवणाच्या सुट्टीला उठल्याच नाहीत. बायांना आधी वाटलं, आपल्या वाट्याची ओळ, हातातली पात संपवून येत असतील. मग एकीनं मागं वळून बघितलं, तर वहिनी तशाच उकिडव्या, एक हात मातीत रोवून, ओठ दाबून बसलेल्या. दोन्ही गुडघे आखडले होते. चौघींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि बांधावर आणून बसवलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. येरमाळ्याच्या अलीकडं आमचं गाव आहे. घरची जमीन दोन एकर, ती भाऊ बघतो. वहिनी चौदा बायांची टोळी चालवतात. कुणाचं रान खुरपायचं, कुणाचं सोयाबीन काढायचं, हे सगळे शेतकरी त्यांनाच फोन करून ठरवतात. मी आमच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला राहतो आणि आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवतो. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना धाराशिवला डॉक्टरांकडं घेऊन गेलो.

डॉक्टर म्हणाले, "उकिडवं बसणं आता बंद करा."

"मग खुरपू कसं? उभ्यानं?" वहिनींनी विचारलं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. परत येताना एसटीत वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि येरमाळा जवळ आल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, तुमी पोरांना इतकं काय काय शिकवता. बुडाखाली घ्यायला कायतरी करा की. उठताना संगं उठलं पाहिजे आन् बसताना आपसूक खाली आलं पाहिजे."

त्यांना काय हवं होतं ते मला तिथंच कळलं. पुढचे कित्येक महिने मला फक्त तेवढंच कळत होतं.

पहिला पाट मी लाकडाचा केला. वीतभर उंच, खाली दोन आडव्या पट्ट्या, आणि कमरेला बांधायला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे. वहिनींना तो बसायला पसंत पडला, पण पाऊस झाल्यावर तो पाणी पिऊन इतका जड झाला, की प्रत्येक वेळी उठताना कंबर ओढली जायची. दुसरा पत्र्याचा केला. तो दुपारी असा तापला, की वहिनींनी तो सोडून बांधावर फेकला. तिसरा एका जुन्या प्लास्टिकच्या बादलीचं बूड कापून केला. हलका, थंड, मातीही फार चिकटेना. चार दिवसांत तो फुटला, पण त्या चार दिवसांत टोळीतल्या प्रत्येक बाईनं तो बांधून बघितला होता.

"आमालाबी पायजे," बाया म्हणाल्या. शेजारच्या गावातल्या टोळीचाही निरोप आला. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी बैठक घेऊन सांगितलं, की पाट चांगला झाला तर शंभर-दोनशे आम्हीच खपवू. म्हणजे बादल्या कापून भागणार नव्हतं. पाट प्लास्टिकचा, आणि कारखान्यातूनच बनवून घ्यायला हवा होता.

मला वाटलं, ही काही फार अवघड गोष्ट नाही. बावीस वर्षं मी लोखंडाशी खेळलो आहे. कानस कशी धरायची, केसाएवढा फरक व्हर्निअरवर कसा वाचायचा, हे मी शेकडो पोरांना शिकवलं. एका रविवारी बसून मी पाटाचं नीट चित्र काढलं. सोयाबीनच्या दोन ओळींच्या मधून जाईल एवढी रुंदी, वीतभर उंची, पट्टा ओवायला दोन बाजूंना कान. सगळी मापं घातली. मग मोबाईलवर, जिथं कारखानदार आणि गिऱ्हाइकं एकमेकांना शोधतात अशा एका साईटवर, चौकशी टाकली : 'प्लास्टिकचा पाट बनवून पाहिजे.'

अर्ध्या तासात फोन सुरू झाले.

"सर, इंजेक्शन पाहिजे का ब्लो?"

"सर, मटेरियल काय? पीपी का एचडीपीई?"

"व्हर्जिन दाणा का रिप्रोसेस?"

"मोल्ड तुमच्याकडं आहे का आमच्याकडं बनवायचा?"

"थ्रीडी फाईल पाठवा सर."

मी वर्गावर होतो. समोर पोरं व्हाइसच्या पकडीत जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, लावून उभी, आणि मी कोपऱ्यात जाऊन फोनवर "हो, हो, कळवतो" म्हणत होतो. कोणाला काय कळवायचं, हे मला ठाऊक नव्हतं. एकानं विचारलं, "वॉल थिकनेस किती?" म्हणजे भिंतीची जाडी. पाटाला भिंत कुठून आली, हा विचार मी करत होतो, तोवर त्यानं "सर, आवाज येतोय का?" असं तीनदा विचारून फोन ठेवला. संध्याकाळी मी वहीत सगळ्यांचे शब्द लिहून काढले. इंजेक्शन, ब्लो, रोटो, व्हॅक्युम, थ्रीडी प्रिंट. शब्द कळत होते. पण माझा पाट त्यातल्या कशात बसतो, ते काही केल्या उलगडेना.

मग ठरवलं, फोन पुरे झाले, डोळ्यांनी बघू. सुट्टी टाकून सोलापूरला गेलो. तामलवाडी मागं पडल्यापासून मनात प्रश्नांची उजळणी चालली होती, शाळेच्या परीक्षेला निघाल्यासारखी. एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात बादल्या, पाण्याचे मग आणि घमेली बनत होती. मालक माझ्याच वयाचे, बोलायला मोकळे. त्यांनी मशीन दाखवलं. वरून प्लास्टिकचा दाणा पडतो, आत वितळतो, मोठ्या दाबानं साच्यात शिरतो, आणि साचा उघडला की तयार बादली बाहेर. चहा थंड व्हायच्या आत दहा-बारा बादल्या निघाल्या. मी खूष झालो. म्हटलं, हेच पाहिजे.

मालकांनी माझं चित्र उलटसुलट करून बघितलं. "किती नग पाहिजेत?"

"दोनशे."

"दोनशे का दोन हजार?"

"नाही, दोनशेच."

त्यांनी चित्र हळूच घडी घालून माझ्या हातात दिलं. अपमान करायचा म्हणून नव्हे, अगदी सांभाळून. म्हणाले, "सर, ह्या मशीनचा साचा जाड पोलादाचा, कोरून काढलेला असतो. त्याचा खर्च हजारो नगांवर वाटला तर परवडतो. तुमचे दोनशे नग माझ्याकडं एका दिवसात संपतील आणि साचा जन्मभर तुमच्या उरावर राहील. शिवाय हे कान असे आत वळवलेत ना, तिथं साचा उघडणारच नाही."

मी परत चित्राकडं बघितलं. कान तसे का काढले होते, ते मलाच आठवेना. बसस्टँडवर येईपर्यंत मला पटलं होतं, की इंजेक्शन आपलं काम नव्हे. तुळजापूर येईपर्यंत वाटायला लागलं, की असेलही. आज दोनशे, उद्या कदाचित हजार. ज्याच्यापुढं बसावं त्याचं पटायचं, आणि उठलं की पुन्हा सगळं ढवळून निघायचं. घरी बायकोनं विचारलं, "काय ठरलं?" मी म्हणालो, "बादलीचं कळलं. पाटाचं नाही."

त्याच आठवड्यात पुण्याकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याचा आवाज मधाळ होता. मी जे विचारीन त्याला तो "होऊन जाईल सर" म्हणायचा. दोनशे नग? होऊन जाईल. लाकडाचा साचा चालेल? चालेल सर, आमच्या पद्धतीत लाकडाचाच लागतो. प्लास्टिकचा सपाट तक्ता गरम करून मऊ करायचा, साच्यावर ठेवायचा, खालून हवा ओढून घ्यायची, की तक्ता साच्याला चिकटून बसतो. इतक्या दिवसांच्या गोंधळानंतर कुणीतरी सरळ हो म्हणत होतं. मी जाऊनही बघितलं नाही. लाकडी पाटावरून साचा करून पाठवला आणि दहा नग मागवले.

नग आले ते दिसायला देखणे होते. पांढरे, गुळगुळीत. मी व्हर्निअर काढून कडेला जाडी मोजली. चार मिलिमीटर, जेवढी सांगितली होती तेवढीच. दहाही नग मोजले. सगळे बरोबर. मी स्वतः जाऊन ते टोळीला वाटून आलो. त्या दिवशी एका ओळीत दहा बाया दहा पांढऱ्या पाटांवर बसून खुरपताना बघितल्या, आणि मी बांधावर उभा राहून मोबाईलमध्ये फोटो काढले.

आठव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. टोळीतल्या एका बाईच्या खाली पाट फुटला होता. कोपरा तडकला, बाई एका अंगावर गेली, आणि फुटलेली धार मांडीत घुसली. येरमाळ्याला नेऊन टाके घालावे लागले.

मी सरळ त्या बाईच्या घरी गेलो. ती बाजेवर पडली होती. मला बघून उठायला लागली, "या सर" म्हणाली, वर पोरीला चहा टाकायला लावला. ती म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं का? न्हाय ना? मग झालं."

वहिनींनी फुटलेला पाट माझ्यापुढं ठेवला. मी तडकलेला कोपरा व्हर्निअरमध्ये धरला. तिथं जाडी एक मिलिमीटरसुद्धा भरेना. मला आधी राग आला. मी त्या पुण्याच्या माणसाला फोन लावून बरंच बोललो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तक्ता चारचाच होता. पण तो ताणला जातो ना. खोल कोपऱ्यात पातळ होणारच. ह्याच्यावर माणूस दिवसभर हलणार, हे तुम्ही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ठेवायची वस्तू आहे."

मी फोन ठेवला. त्यानं मला फसवलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. मापाच्या बाबतीत मी पोरांवर ओरडतो, की एका जागी मोजून जॉब कळत नाही, चार ठिकाणी मोजा. आणि मी दहा नग फक्त कडेला मोजून बायांच्या खाली दिले होते. उरलेले नऊ मी गोळा करून घरी आणले. वहीतले सगळे शब्द पुन्हा वाचले, आणि एवढंच वाटलं, की आपल्याला ह्यातलं काही येत नाही. हे सोडून द्यावं.

तसं मी वहिनींना सांगितलंही. त्या चुलीपुढं बसल्या होत्या, खाली तोच पहिला लाकडी पाट घेऊन. म्हणाल्या, "सोडून काय दिता? आतापातूर तुमी एकलेच फिरलाव. बसणारं माणूस घरी आन् विचारणारं माणूस कारखान्यात. आता म्या येते."

"तुम्ही येऊन काय करणार?"

"बसणार," वहिनी म्हणाल्या.

लातूरला पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचा पत्ता मला त्या सोलापूरच्या मालकांनीच दिला. येरमाळ्याहून कळंबमार्गे आम्ही एसटीनं गेलो. वहिनींच्या पिशवीत लाकडी पाट, ट्यूबचे पट्टे आणि त्यांचं रोजचं खुरपं होतं. कारखान्याच्या फाटकावरच्या माणसानं खुरपं बघून आम्हाला झाडाझुडपांच्या कामाला आलेलं समजलं आणि मागच्या बाजूला पाठवलं. तिथून विचारत विचारत आम्ही मालकांपर्यंत पोचलो. ते अजून चाळिशीतही नसतील. कपड्यांवर काळी पावडर उडालेली.

मी चित्र काढलं. तोवर वहिनी म्हणाल्या, "साहेब, चित्र ऱ्हाऊ द्या. तुमी बाहीर या."

कारखान्याच्या भिंतीलगत गाजरगवत माजलं होतं. वहिनींनी कमरेला पाट बांधला, पदर खोचला, आणि तिथं बसून खरोखर खुरपायला सुरुवात केली. बसल्या, दोन हात पुढं सरकल्या, अर्धवट उठल्या, पुन्हा बसल्या. मालक कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"एका जागी किती वेळ बसता?" त्यांनी विचारलं.

"एका जागी? मी काय सभंला आलेय व्हय?" वहिनी मागं न बघता म्हणाल्या. "पाच-सात झाडं झाली की सरकायचं. बूड जरा उचलायचं आन् आदळायचं. दिवसभर आदळायचं."

मालक त्यांच्याजवळ उकिडवे बसले. मग प्रश्न त्यांनी वहिनींना विचारले आणि वहिनींनी त्यांना. वजन जास्त कुठं पडतं? पट्टा कुठं काचतो? माती ओली असली की काय होतं? वहिनींनी विचारलं, उन्हात तापतं का? फुटलं तर धार लागती का? चीर गेली तर परत जोडता येतं का? मालक प्रत्येक प्रश्नाला लगेच हो म्हणत नव्हते. "पांढरा कमी तापेल, पण मळेल," "उन्हात कडक होऊ नये म्हणून पावडरीत औषध घालावं लागतं," "हे मला करून बघावं लागेल," असं म्हणत होते. मी बाजूला उभा राहून ऐकत होतो. इतक्या महिन्यांत मला कारखानदारांना काय विचारायचं ते सुचत नव्हतं; वहिनींना सुचत होतं.

आत शेडमध्ये एक वयस्क बाई विटेवर बसून टाकीच्या झाकणांच्या कडा चाकूनं साफ करत होती. ती मघापासून दारातून बघत होती. तिनं येऊन वहिनींचा पाट मागितला, बांधला, आणि शेडमध्ये जाऊन त्यावर बसली. बसली ती उठेना. मालक हसून म्हणाले, "बघा, माझंच माणूस पळवलं तुम्ही."

त्यांची पद्धत रोटो. पत्र्याच्या पोकळ साच्यात प्लास्टिकची पावडर टाकायची, साचा बंद करून भट्टीत दोन्ही अंगांनी सावकाश फिरवायचा. पावडर आतल्या पत्र्यावर वितळून थरासारखी बसते. काम हळू, दिवसाला मोजकेच नग निघतात, पण कोपऱ्यात थर पातळ होत नाही. उलट जरा जाडच बसतो. आणि साचा पत्र्याचा, वेल्डिंग केलेला. मी विचारलं, "हा मी बनवून आणला तर?"

"फिटर आहात ना? आणा की."

एवढ्या दिवसांत मला कळेल असं पहिलंच काम कुणीतरी सांगितलं होतं. चार रविवार घालवून मी वाशीत एका ओळखीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बसून साचा केला. आतले जोड घासून असे गुळगुळीत केले, की बोट फिरवलं तर सांधा लागू नये.

पहिले पाच नग बघून मात्र मी पुन्हा डोक्याला हात लावला. वरचा भाग छान आला होता. खालचं सपाट बूड वाकडं झालं होतं, मध्ये खोलगट, एका कोपऱ्यात उचललेलं. फरशीवर ठेवला की डुगडुगायचा. मी साचा पुन्हा मोजला. ह्या वेळी चार नव्हे, वीस ठिकाणी. साचा सरळ होता. मग वाकडं कुठून आलं? मी फोन केला तर मालकच ओशाळले. म्हणाले, "माझी चूक सर. मी आधी सांगायला पाहिजे होतं. रोटोत मोठा सपाट भाग सरळ राहत नाही, थंड होताना ओढला जातो. त्याला बाक द्यावा लागतो."

"पाटाला बाक दिला तर तो जमिनीवर टेकणार कसा?"

"ते मलाही माहीत नाही," ते म्हणाले.

दोघांनाही माहीत नव्हतं, ह्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं. मी बुडाचा पत्रा कापून काढला आणि होडीच्या तळासारखा बाक देऊन नवीन जोडला. मनात धास्ती होतीच. दोन नग निघाले, ते आधी मी स्वतः घरामागच्या वाफ्यात बांधून बसलो. दोन तास बसलो, आदळलो, उठलो. बायको खिडकीतून बघून हसत होती. मग सांडशीत धरून कडा वाकवल्या, वरून हातोडी मारली. तडा गेला नाही. तेव्हाच ते वहिनींकडं नेले.

वहिनी बसल्या आणि पुढं झुकल्या. पाट त्यांच्याबरोबर पुढं कलला. पुढच्या झाडापर्यंत हात पोचला, बूड न उचलता. त्या तशाच झुलत झुलत अर्धी पात खुरपून गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "भावजी, ह्ये तुमी ठरवून केलं का?"

मी हो म्हणणार होतो. पण खरं ते सांगितलं, की वाकडं होऊ नये म्हणून केलं. झुलेल हे कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

पुढच्या हंगामात सगळ्या टोळीकडं पाट होते. वहिनी पुन्हा कामावर गेल्या. पूर्ण दिवस नाही, पण दुपारपर्यंत. गुडघे काही बरे झाले नाहीत. टाके पडलेल्या बाईला त्यातला पहिला पाट द्यायला मी गेलो होतो. तिनं तो उलटासुलटा केला, कोपरे दाबून बघितले, आणि म्हणाली, "आधी तुमी बसा." मी बसलो. मग तिनं घेतला.

आता मला कुणी विचारलं, की प्लास्टिकची वस्तू कशी बनवून घ्यायची, तर मी अजूनही अडखळतो. परवा एकानं सांगितलं, हाच पाट ब्लो पद्धतीनं, म्हणजे आत हवा फुंकून, झटपट झाला असता. असेलही. आणि मागच्या आठवड्यात तामलवाडीहून वहिनींच्या मावसबहिणीचा फोन आला. तिकडं बाया कांद्याची लागण करतात, पाणी भरलेल्या वाफ्यात. म्हणाली, "तुमचा पाट कोरड्यात लई ग्वाड हाय, पण चिखलात रुततोय. आमाला रुंद बुडाचा पायजे."

रुंद म्हणजे किती, त्यासाठी बूड सपाट करायचं तर किती, आणि सपाट केला तर तो वाकडा होणार नाही कसा? मी लातूरला फोन लावला. टाक्यांच्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "सर, चिखल किती खोल असतो?"

मी तोच प्रश्न मोठ्यानं पुन्हा म्हटला. वहिनी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "रविवारी जाऊ तामलवाडीला. बसून बघू."